रोमन नाण्यांची ऑनलाइन ओळख

हाती आलेले रोमन नाणे कोणत्या सम्राटाचे, कोणत्या टांकसाळीतले आणि साधारण कोणत्या वर्षीचे, हे संगणकावरील खुल्या नाणेसूचींच्या आधारे ठरवण्याची पद्धत. पूर्वी हे काम ‘रोमन इम्पीरियल कॉइनेज’ या १० खंडांच्या सूचीवर चाले. अभ्यासक तिला नुसते ‘आरआयसी’ म्हणतात. तिचा पहिला खंड १९२३ मध्ये निघाला आणि दहावा १९९४ मध्ये. न्यूयॉर्कच्या अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीने न्यूयॉर्क विद्यापीठाच्या एका संस्थेच्या साथीने ही सारी सूची ‘ऑनलाइन कॉइन्स ऑफ द रोमन एम्पायर’ या नावाने जालावर आणली. इ.स.पू. ३१ पासून इ.स. ४९१ मध्ये सम्राट झीनो मरण पावला तोपर्यंतचे ४० हजारांहून अधिक नाणेप्रकार तिच्यात आहेत. प्रत्येक प्रकाराला कायमचा जालपत्ता आहे, आणि लंडन, बर्लिन अशा संग्रहालयांतल्या त्या प्रकारच्या नाण्यांची छायाचित्रे त्याला जोडलेली असतात.

नाणे कोणत्या सूचीत शोधायचे, हे आधी ठरवावे लागते. सम्राटांच्या आधीच्या प्रजासत्ताक काळातील नाण्यांसाठी मायकेल क्रॉफर्ड यांच्या १९७४ च्या सूचीवर उभारलेला वेगळा कोश आहे. नाण्यावर कोरलेला लेख ग्रीक लिपीत असेल तर नाणे बहुधा पूर्वेकडच्या प्रांतातल्या एखाद्या शहराचे असते. ते साम्राज्याच्या मुख्य सूचीत मिळणार नाही, त्यासाठी ऑक्सफर्डचा ‘रोमन प्रोव्हिन्शियल कॉइनेज’ हा कोश पाहावा. नवशिक्यांचा निम्मा वेळ या चुकीच्या दारावर टकटक करण्यातच जातो.

पुढचे काम अक्षरांचे. लॅटिन लेखात ‘उ’ आणि ‘व’ यांना एकच अक्षर असते, म्हणून ‘ऑगस्टस’ हे नाव नाण्यावर ए-व्ही-जी-व्ही-एस-टी-व्ही-एस असे कोरलेले दिसते. शब्दांमध्ये जागा सोडलेली नसते आणि पदव्या तोडून लिहिलेल्या असतात. या तुटक पदव्यांतच काळ दडलेला असतो. सम्राट कितव्यांदा कॉन्सल (रोममधला सर्वोच्च अधिकारी) झाला तो आकडा अनेकदा लेखात असतो. सम्राट ट्राजनच्या नाण्यावर पाचवे कॉन्सलपद असेल तर ते १०३ ते १११ या वर्षांतले. चौथ्या शतकातील तांब्याच्या बारीक नाण्यांवर मागच्या बाजूला, चित्राखालच्या पट्टीत, टांकसाळीची खूण असते. कॉन्स्टंटाइन घराण्याच्या ‘दोन सैनिक’ प्रकारात सैनिकांमध्ये दोन ध्वज असतील तर नाणे ३३० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतले, एकच असेल तर ३३५ च्या सुमाराचे किंवा नंतरचे. सगळा लेख वाचता आला नाही तरी चालते. सुटी चार अक्षरे, धातू आणि मागचे चित्र एवढ्यावर यादी बरीच आखूड होते.

भारतात सापडणाऱ्या चांदीच्या देनारियसचे उदाहरण घेऊ. दक्षिण भारतात पुरलेल्या सापडणाऱ्या नाणेसाठ्यांमध्ये दोन प्रकार फार आढळतात. एकावर ऑगस्टसचे मुख आणि मागे ढाली-भाले मधे ठेवून उभे असलेले त्याचे दत्तक पुत्र गायस व लुशियस, हे इ.स.पू. २ ते इ.स. ४ या काळात लुग्डुनुम, म्हणजे आजच्या लियाँ येथे पाडलेले. दुसऱ्यावर टायबेरियस (कारकीर्द इ.स. १४–३७) आणि मागे खुर्चीत बसलेली स्त्री. हिला अनेकजण सम्राटाची आई लिव्हिया मानतात. लेखावरून सम्राट लगेच कळतो, पण सूचीतला नेमका क्रमांक बारीक तपशिलांवर ठरतो: खुर्चीचे पाय साधे की नक्षीदार, हातात राजदंड की उलटा धरलेला भाला. इथे नाणे झिजलेले असले की कोशही हात टेकतो. अशा वेळी एक क्रमांक ठोकून देण्यापेक्षा दोन-तीन शक्यता लिहून ठेवणे प्रामाणिकपणाचे.

क्रमांक देताना आवृत्ती सांगायला हवी. पहिल्या खंडाची सुधारित आवृत्ती १९८४ मध्ये आली आणि तिच्यात क्रमांक बदलले. जुन्या लिलावाच्या पुस्तकातला आकडा नव्या कोशात भलत्याच नाण्याकडे नेतो.

कोश नाण्याचा प्रकार सांगतो. हातातले नाणे खरे आहे, असे तो कधीच म्हणत नाही. बनावट नाणे अस्सलाच्या साच्यातूनच ओतलेले असले तर त्याचा लेख आणि चित्र कोशाशी तंतोतंत जुळणारच. वजन, कडेवरचा सांधा, पृष्ठावरचे बुडबुडे, चांदीच्या मुलाम्याखालून डोकावणारे तांबे हे सारे प्रत्यक्ष हाताळूनच कळते. त्यामुळे विक्रेता ‘आरआयसी क्रमांक अमुक’ एवढेच सांगून दर चढवत असेल तर त्याने अजून काहीच सिद्ध केलेले नसते.

उलट, जुळत नाही म्हणून नाणे निरुपयोगी ठरत नाही. वरील दोन्ही देनारियसच्या नकला भारतातच तयार झाल्या. त्यांवरचा लेख लॅटिन न जाणणाऱ्या हातांनी कोरलेला, अक्षरांऐवजी नुसत्या उभ्या रेघा. कोशात तो टाकून काही मिळत नाही, चित्रावरूनच मूळ प्रकारापर्यंत पोचावे लागते. १८९८ मध्ये पुदुक्कोट्टई संस्थानात सापडलेल्या ५०१ सोन्याच्या ऑरियसचा प्रश्न आणखी निराळा. त्यांतल्या बहुतेक नाण्यांवर सम्राटाच्या मुखावर मुद्दाम छिन्नीचा घाव घातलेला आहे. टांकसाळीबाहेर पडल्यावर बसलेला हा घाव नाण्याच्या प्रकारात मोडत नाही, म्हणून प्रकाराच्या नोंदीत त्याला जागा नाही. तो शोधायचा तर एकेका नाण्याचे छायाचित्र उघडूनच पाहावे लागते.