फ्लू सर्वेक्षणासाठी परदेशी निधी : पात्रता, कागदपत्रे आणि अर्ज अडण्याच्या जागा

एखादे वैद्यकीय महाविद्यालय किंवा ट्रस्टचे रुग्णालय फ्लू सर्वेक्षणासाठी परदेशी निधी मागायला बसते तेव्हा सगळी मेहनत प्रोटोकॉलवर होते. नमुने किती, कुठल्या वॉर्डातून, आरटी-पीसीआर कुठे, यावर पानेच्या पाने भरतात. अर्ज परत येतो तो मात्र विश्वस्तांच्या नावावरून, बँक खात्यावरून, नाहीतर एथिक्स कमिटीच्या संपलेल्या नोंदणीवरून. म्हणून प्रोटोकॉलला हात लावण्याआधी विचारा, पैसा नेमका कोणाचा आहे? पुढचे निम्मे कागद त्यावरच ठरतात.

पैसा डब्ल्यूएचओ किंवा जागतिक बँकेचा असेल तर

महासाथीच्या फ्लूची तयारी आणि विषाणूंची देवाणघेवाण यासाठीचा पीआयपी फ्रेमवर्क २०११मध्ये जागतिक आरोग्य सभेने मंजूर केला. त्याखाली लस, औषधे आणि निदान संच बनवणाऱ्या कंपन्या मिळून वर्षाला सुमारे २.८ कोटी डॉलर डब्ल्यूएचओला देतात. हे वाचून बऱ्याच संस्था थेट जिनिव्हाला ईमेल पाठवतात. तसा अर्ज करण्याची सोयच नाही. हा पैसा देशांना डब्ल्यूएचओच्या प्रादेशिक आणि देश कार्यालयांच्या कार्ययोजनेतून जातो. तुमच्या वाट्याला आलेच तर ठरावीक कामाचे कंत्राट येते, अनुदान नव्हे.

तीच गत ‘राष्ट्रीय इन्फ्लुएन्झा केंद्र’ होण्याच्या इच्छेची. १९५२पासून चालू असलेल्या, डब्ल्यूएचओच्या फ्लू प्रयोगशाळांच्या जागतिक जाळ्यात भारताचे हे केंद्र म्हणजे पुण्याची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था. हा दर्जा देशाच्या आरोग्य मंत्रालयाने नेमल्यावर आणि डब्ल्यूएचओने मान्य केल्यावर मिळतो; प्रयोगशाळेने स्वतः अर्ज करून मिळत नाही. परदेशी संदर्भ केंद्रांकडे नमुने पाठवण्याचा खर्च उचलणारा डब्ल्यूएचओचा निधीही याच केंद्रांसाठी आहे. ‘प्रकल्पाअखेर आम्ही केंद्र होऊ’ हे वाक्य प्रस्तावात असेल तर काढून टाका. त्याऐवजी जवळच्या व्हीआरडीएलशी (विषाणू संशोधन आणि निदान प्रयोगशाळेशी) केलेला लेखी करार जोडा, त्याला वजन आहे.

जागतिक बँकेत ठेवलेल्या पँडेमिक फंडाचेही (महासाथीच्या तयारीसाठीच्या निधीचेही) तेच. अर्ज देश करतो, मान्यताप्राप्त अंमलबजावणी संस्थेला बरोबर घेऊन. भारताला त्यातून पशुआरोग्यासाठी २.५ कोटी डॉलर मिळाले, तेही केंद्राच्या पशुसंवर्धन विभागामार्फत.

या मार्गात एक दिलासा आहे आणि तो फार कमी जणांना ठाऊक असतो. संयुक्त राष्ट्रे, त्यांच्या विशेष संस्था, जागतिक बँक आणि नाणेनिधी हे एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगी नियमन कायदा, याच्या व्याख्येत ‘परदेशी स्रोत’ नाहीत. डब्ल्यूएचओच्या कंत्राटासाठी एफसीआरए नोंदणी नाही म्हणून माघार घेणाऱ्या संस्था विनाकारण माघार घेतात.

पैसा परदेशी विद्यापीठ, फाउंडेशन किंवा सरकारी यंत्रणेचा असेल तर

इथे एफसीआरए लागतोच. सरकारने स्थापन केलेल्या, पूर्णपणे सरकारी मालकीच्या आणि कॅगचे लेखापरीक्षण बंधनकारक असलेल्या संस्थांना सूट आहे. ‘अनुदानित’ म्हणजे सरकारी नव्हे, हे नीट वाचा. खासगी अनुदानित महाविद्यालये इथेच फसतात.

नियमित नोंदणीसाठी (एफसी-३ए) संस्था किमान ३ वर्षे जुनी हवी आणि मागच्या ३ आर्थिक वर्षांत मूळ कामावर किमान १५ लाख रुपये खर्च झालेले हवेत. तेवढे नसेल तर एका देणगीदारासाठी, एका प्रकल्पासाठी, ठरलेल्या रकमेची पूर्वपरवानगी (एफसी-३बी) मागता येते. त्यासाठी देणगीदाराचे वचनपत्र लागते आणि गाडी रुतते ती तिथेच. निधी देणारा म्हणतो, आधी परवानगी दाखवा. गृह मंत्रालय म्हणते, आधी वचनपत्र आणा. यावर उपाय म्हणजे देणगीदाराकडून ‘परवानगी मिळाल्यास इतकी रक्कम देऊ’ असे सशर्त पत्र घेणे. त्यात रक्कम आणि प्रकल्पाचे नाव अर्जातल्यासारखेच असावे.

आता तो कागद, जो जवळपास कोणाकडेच धड नसतो. महाराष्ट्रातल्या ट्रस्टचे विश्वस्त बदलले की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो. तो कधी दिला जातो, कधी दिलाच जात नाही, आणि दिला तरी मंजुरी वर्षानुवर्षे अडकते. मग परिशिष्ट-१ च्या, म्हणजे ट्रस्टच्या नोंदवहीच्या, उताऱ्यावर दोन दिवंगत आणि एक राजीनामा दिलेले विश्वस्त तसेच राहतात. एफसीआरए पोर्टलवर पदाधिकाऱ्यांचे आधार क्रमांक मागतात, नीती आयोगाच्या दर्पण या स्वयंसेवी संस्थांच्या पोर्टलवरील नोंदीत तिसरीच यादी असते. तीन याद्या जुळल्या नाहीत की अर्जावर शेरा येतो. निधीची जाहिरात निघण्याची वाट न बघता आजच उतारा काढा. बदल अर्ज प्रलंबित असेल तर त्याचा क्रमांक, पोचपावती आणि ठरावाची प्रत एकत्र ठेवा, आणि तो निकाली निघावा म्हणून वकिलामार्फत पाठपुरावा करा. पोचपावती ही मंजुरी नव्हे, पण कोऱ्या हातापेक्षा बरी.

एफसीआरएच्या २०२०च्या दुरुस्तीनंतरच्या तीन गोष्टी प्रस्तावाचा सांगाडाच बदलतात. पहिली, पैसा स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या एफसीआरए खात्यातच यायला हवा. त्यासाठी दिल्लीला जावे लागत नाही, स्थानिक शाखेतून खाते उघडते. खर्चासाठी वेगळे खाते आपल्या गावात ठेवता येते. पण ‘तात्पुरते’ म्हणून गावातल्या नेहमीच्या खात्यावर मागवलेला एक हप्तासुद्धा उल्लंघन ठरतो.

दुसरी, मिळालेला परदेशी निधी पुढे दुसऱ्या संस्थेला देता येत नाही, तिच्याकडे एफसीआरए असला तरी. मुख्य संस्था पुण्यात आणि नमुने गोळा करणारी चार रुग्णालये जिल्ह्यांत, हा फ्लू सर्वेक्षणाचा नेहमीचा आराखडा. तो ‘उप-अनुदान’ या शब्दावर कोसळतो. प्रत्येक केंद्राला देणगीदाराकडून थेट पैसा मिळेल अशी रचना करा, किंवा मुख्य संस्थेनेच कर्मचारी नेमून त्या रुग्णालयांत बसवावेत.

तिसरी, प्रशासकीय खर्च २० टक्क्यांच्या आत. क्षेत्रातली माहिती गोळा करणाऱ्या आणि तपासणाऱ्या कर्मचाऱ्यांचे पगार यातून वगळता येतात, पण ती सवलत मुख्यतः संशोधन किंवा प्रशिक्षण करणाऱ्या संस्थेला आहे. रुग्णालय चालवणाऱ्या ट्रस्टने ती गृहीत धरून अंदाजपत्रक करू नये. आधी सीएला विचारा, आणि एफसीआरएचे काम केलेल्या सीएला.

एचएमएससी

आरोग्य संशोधनात परदेशी पैसा किंवा सहकार्य आले की आयसीएमआरमधल्या सचिवालयामार्फत आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीकडे, म्हणजे एचएमएससीकडे, जावे लागते. एफसीआरएमधून सुटलात म्हणून यातूनही सुटलात असे धरू नका. विहित नमुन्यातला प्रस्ताव, संशोधकांची माहिती, भारत आणि परदेश यांचे वेगवेगळे अंदाजपत्रक, कराराचा मसुदा हे सगळे ओळीने लावले की झाले. अडचण दोन ठिकाणी येते.

एथिक्स कमिटीची मंजुरी प्रत्येक भारतीय केंद्राची लागते, फक्त मुख्य संस्थेची चालत नाही. शिवाय ती कमिटी आरोग्य संशोधन विभागाकडे नोंदलेली हवी. तात्पुरती नोंदणी २ वर्षांची असते. ती मधेच संपलेली असते आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. मंजुरीपत्रावर नोंदणी क्रमांक आहे का आणि त्या तारखेला तो चालू होता का, हे स्वतः तपासा. सदस्य सचिवांच्या तोंडी आश्वासनावर विसंबू नका.

दुसरी अडचण म्हणजे ‘नमुने भागीदार प्रयोगशाळेकडे परदेशात पाठवले जातील’ हे वाक्य. समितीचा प्रश्न ठरलेला : ही चाचणी भारतात का होत नाही? फ्लूच्या बाबतीत त्याचे उत्तर देणे कठीण, कारण ती होते. प्राथमिक तपासणी भारतातच दाखवा. पाठवायचेच असेल तर काय, किती, कशासाठी आणि उरलेल्या नमुन्याचे काय करणार, हे साहित्य हस्तांतरण करारात लिहा. डब्ल्यूएचओच्या जाळ्यातल्या प्रयोगशाळा आपसात ज्या प्रमाणित करारावर विषाणू देतात, तो तुम्हाला लागू नाही. त्याची नक्कल जोडलेले प्रस्ताव परत येतात.

प्रोटोकॉलमध्ये कोणाला रुग्ण धरायचे याची व्याख्याही पाहा. डब्ल्यूएचओची फ्लूसदृश आजाराची व्याख्या : मोजलेला ताप ३८ अंश सेल्सियस किंवा जास्त, खोकला, आणि सुरुवात गेल्या १० दिवसांत. तीव्र श्वसन आजारासाठी तापाचा पूर्वेतिहासही चालतो, पण रुग्णाला दाखल करण्याची गरज हवी. ‘खोकला किंवा घसादुखी’ असे लिहिले असेल तर तुम्ही जुना प्रोटोकॉल उतरवला आहे आणि परीक्षकाला ते पहिल्या पानावर दिसते.

अमेरिकी पोर्टल

सीडीसी (अमेरिकेचे रोगनियंत्रण केंद्र) किंवा एनआयएच (तिथली राष्ट्रीय आरोग्य संशोधन संस्था) यांच्या निधीसाठी अमेरिकी सरकारच्या सॅम पोर्टलवर नोंदणी आणि १२ अक्षरी यूईआय, म्हणजे संस्थेचा ओळख क्रमांक, लागतो. जुन्या माहितीपत्रकात त्याऐवजी डन्स क्रमांक लिहिलेला दिसेल. तो एप्रिल २०२२मध्ये बंद झाला. परदेशी संस्थेला सॅमच्या नोंदणीआधी एनकेज (संस्थेची ओळख पटवणारा नाटोचा संकेतांक) घ्यावा लागतो. दोन्हीकडे नाव आणि पत्ता अक्षर न् अक्षर सारखा हवा. आपल्याकडे ‘सेवा’ हा शब्द पॅनवर व्ही वापरून आणि ट्रस्टच्या इंग्रजी भाषांतरात डब्ल्यू वापरून लिहिलेला असतो, पत्त्यात कुठे ‘तालुका’ तर कुठे नुसता ‘ता.’ असतो. एवढ्यावर नोंदणी आठवडेच्या आठवडे लटकते. एकच इंग्रजी स्पेलिंग ठरवून विश्वस्तांचा ठराव करा आणि तेच सगळीकडे वापरा. नोंदणीचे दर वर्षी नूतनीकरण लागते, तेही विसरले जाते.

मुदतीच्या वेळेचा घोळ दोन्ही बाजूंनी होतो. सीडीसीच्या जाहिरातीत सहसा रात्री ११.५९, अमेरिकेची पूर्वेकडील वेळ, असते. म्हणजे आपल्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळी, उन्हाळ्यात ९.२९ आणि हिवाळ्यात १०.२९. एनआयएचची मुदत मात्र अर्जदाराच्या स्थानिक वेळेनुसार संध्याकाळी ५ची. तिथे ‘अमेरिकेत अजून सकाळ आहे’ म्हणून बसलात तर मुदत गेली. जोडलेल्या फाइलींची नावे छोटी आणि साध्या इंग्रजी अक्षरांत ठेवा. ‘अर्ज मिळाला’ हा ईमेल पुरेसा नाही. ‘वैध ठरला’ असा दुसरा येईपर्यंत संगणक बंद करू नका.

आणखी एक. मे २०२५मध्ये एनआयएचने परदेशी उप-अनुदानांची जुनी पद्धत थांबवली. अमेरिकी विद्यापीठातले सहकारी ‘आमच्या अनुदानातून तुमचा हिस्सा देऊ’ म्हणत असतील, तर तो कुठल्या नियमाखाली देणार हे त्यांच्या अनुदान कार्यालयाकडून लेखी घ्या.

मंजुरीनंतर

नमुने पाठवताना पार्सलवर धोकादायक मालाचा यूएन क्रमांक लागतो : साधे क्लिनिकल नमुने यूएन ३३७३ खाली तिहेरी वेष्टनात जातात, कोरड्या बर्फाची खूण यूएन १८४५. अतिरोगकारक बर्ड फ्लूचे कल्चर (प्रयोगशाळेत वाढवलेला विषाणू) यूएन २८१४ मध्ये मोडते, ते वेगळेच प्रकरण. पक्ष्यांचे संशयित नमुने तर पशुसंवर्धन विभागामार्फत भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेकडेच जायला हवेत. पार्सल बांधणाऱ्याचे प्रशिक्षण प्रमाणपत्र २ वर्षांनी संपते. ते संपलेले निघाले की कुरिअर कंपनी दारातूनच परत जाते आणि कोरडा बर्फ उडून जातो.

एफसी-४ हे वार्षिक विवरणपत्र ३१ डिसेंबरपर्यंत भरा. वर्षभरात एक रुपयाही आला नसेल तरी शून्याचे भरावे लागते. नोंदणी ५ वर्षांची असते आणि नूतनीकरणाचा अर्ज (एफसी-३सी) ती संपण्याच्या किमान ४ महिने आधी द्यावा, असे गृह मंत्रालयाने एप्रिल २०२५मध्ये कळवले आहे. त्या वेळी विश्वस्तांच्या तिन्ही याद्या पुन्हा जुळवाव्या लागतात.