ताम्हिणीचा पाऊस, मिलफर्डचा पाऊस

जुलैत चांदणी चौकातून पौड रस्त्याला लागलं की तासाभरात पाऊस तीनदा रूप बदलतो. भूगावला भुरभुर, पौडला रिपरिप आणि मुळशी धरणाच्या कडेकडेने पुढे गेलं की वायपर कितीही जोरात फिरवला तरी समोरचं दिसत नाही. पुण्यात वर्षाकाठी साधारण ७५० मिलिमीटर पाऊस पडतो. जेमतेम पन्नास किलोमीटरवरच्या ताम्हिणीत तो सहा हजारांच्या वर जातो. उलट पूर्वेला, दौंड-बारामतीकडे, पाचशेच्या आसपास मिळाला तरी वर्ष बरं गेलं म्हणायचं.

पृथ्वीच्या पार दुसऱ्या टोकाला, न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर, अगदी हीच मांडणी आहे. पश्चिम किनाऱ्यावरच्या मिलफर्ड साउंडला वर्षाला सुमारे ६,८०० मिलिमीटर पाऊस होतो. तिथून सरळ रेषेत सव्वाशे-दीडशे किलोमीटर पूर्वेला असलेल्या अलेक्झांड्रा गावात फक्त साडेतीनशेच्या घरात. मध्ये उभे आहेत सदर्न आल्प्स. आपल्याकडे सह्याद्री करतो तेच काम तिथे ते करतात: समुद्रावरून आलेली ओली हवा वर चढवायची. वर चढलेली हवा थंड होते, तिच्यातल्या बाष्पाचे ढग होतात आणि पाऊस डोंगराच्या पश्चिम अंगावर रिता होतो. पलीकडे उरते पर्जन्यछाया.

पण एक हिशेब पटकन जुळत नाही. सदर्न आल्प्समधलं सर्वोच्च शिखर आओराकी ३,७२४ मीटरचं, आपलं कळसूबाई १,६४६ मीटरचं. इतका ठेंगणा सह्याद्री मिलफर्डच्या तोडीचा पाऊस कसा पाडतो? उत्तर समुद्रात आहे. पावसाळ्याच्या तोंडावर अरबी समुद्राचं पाणी २८-२९ अंशांपर्यंत तापलेलं असतं. मिलफर्डच्या बाहेरचा टास्मान समुद्र पंधरा अंशांच्या आगेमागे. २८ अंशांच्या एक घनमीटर हवेत सुमारे २७ ग्रॅम बाष्प मावतं, १४ अंशांच्या हवेत फक्त १२. म्हणजे कोकणातून घाट चढणाऱ्या हवेत मुळातच दुपटीहून जास्त पाणी असतं. तिला हजारभर मीटर उचललं तरी पुरतं.

दुसरा मोठा फरक वाऱ्याचा, आणि माझ्या मते आपलं सगळं जगणं त्याच्याभोवती फिरतं. न्यूझीलंडचं दक्षिण बेट ‘गर्जणाऱ्या चाळीस’ वाऱ्यांच्या, म्हणजे ४० ते ५० अंश दक्षिण अक्षांशांमधल्या, पट्ट्यात येतं. दक्षिण गोलार्धात त्या अक्षांशांवर जमीन जवळजवळ नाहीच, त्यामुळे पश्चिमेचे वारे बारा महिने मोकाट वाहतात. मिलफर्डला वर्षातले निम्मे दिवस तरी पाऊस असतो, आणि कोरडा म्हणावा असा महिनाच नसतो. आपल्याकडे वारा ऋतूनुसार दिशा बदलतो, म्हणून ताम्हिणीचे सहा हजार मिलिमीटर मुख्यतः चार महिन्यांत कोसळतात आणि एप्रिलमध्ये त्याच घाटातल्या वाड्यांवर टँकरची वाट पाहावी लागते. तिकडे डोंगरावरचं पाणी बर्फ आणि हिमनद्या धरून ठेवतात, हिमनद्यांनीच कोरलेली वानाका, वाकाटिपूसारखी सरोवरंही आहेत. इकडे खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर ही चार धरणं मिळून सुमारे २९ टीएमसी पाणी साठवतात. पुण्यात जुलै-ऑगस्टमध्ये धरणांचे आकडे इतक्या जिव्हाळ्याने वाचले जातात ते उगाच नाही.

वारा बदलण्याचा एक फायदाही आहे. सप्टेंबरनंतर ओलावा पूर्वेकडूनही येऊ लागतो आणि त्याच्या वाटेत सह्याद्री नसतो. म्हणून सोलापूरकडे सर्वांत जास्त पाऊस सप्टेंबरात होतो. अलेक्झांड्राला असा परतीचा पाऊस नाही. त्या गावाला आधार आहे क्लुथा नदीचा, जी वानाका सरोवराचं पाणी घेऊन पूर्वेकडे पॅसिफिकला जाते. इंदापूरला भीमेचा, तसा.

डोंगर उतरणारी हवा मात्र दोन्हीकडे वेगळी वागते. पाऊस टाकून कोरडी झालेली हवा खाली येताना दर किलोमीटरला सुमारे दहा अंशांनी तापते. सदर्न आल्प्सवरून ती थेट समुद्रसपाटीच्या मैदानात उतरते, म्हणून ७ फेब्रुवारी १९७३ रोजी रांगिओरा या गावात पारा ४२.४ अंशांवर गेला. हे गाव ४३ अंश दक्षिणेला आहे! पुणे स्वतःच ५६० मीटर उंचावर असल्याने घाटमाथ्यावरून इथे येणाऱ्या हवेला उतरायला फारशी जागाच नसते. म्हणून जुलैत आपल्याकडे झळा नाहीत, दिवसभर ढगाळ कुंद हवा असते.

याचं कारण डोंगरांच्या जन्मात आहे. सदर्न आल्प्स हे भूपट्टांच्या टकरीतून उचलले गेलेले, आजही वर्षाला काही मिलिमीटर उचलले जाणारे तरुण पर्वत. सह्याद्री म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या पठाराची तुटलेली पश्चिम कड. कोकणातून तो भिंतीसारखा उभा दिसतो. मुळशीहून ताम्हिणीला जाताना घाट चढल्यासारखं फारसं वाटतच नाही. रस्ता एकदम खाली कोसळतो तेव्हा कळतं. हे पठार पूर्वेला कललेलं आहे, म्हणून अरबी समुद्र पन्नास-साठ किलोमीटरवर असूनही मुळा नदीचं पाणी भीमा-कृष्णेतून हजाराहून अधिक किलोमीटर जाऊन बंगालच्या उपसागराला मिळतं.

पश्चिमेकडची ही सरळ उतरण इंजिनिअरांच्या नजरेतून दोन्ही देशांत सुटली नाही. मुळशीला टाटांनी धरण बांधलं आणि पाणी पश्चिमेला वळवून सुमारे पाचशे मीटर खाली भिऱ्याच्या वीजघरात सोडलं. न्यूझीलंडमध्ये मानापौरी सरोवराचं, मुळात दक्षिणेला वाहून जाणारं पाणी जमिनीखालच्या वीजघरातून आणि दहा किलोमीटरच्या बोगद्यातून पश्चिम किनाऱ्याच्या खाडीत नेलं. लोक दोन्हीकडे उभे राहिले. मुळशीचा सत्याग्रह १९२१ मध्ये सुरू झाला, सेनापती बापटांनी त्यासाठी तुरुंगवास भोगला, तरी धरण झालं आणि मावळ्यांच्या जमिनी पाण्याखाली गेल्या. मानापौरीची पातळी वाढवण्याच्या बेताविरुद्ध १९७० मध्ये २ लाख ६४ हजारांहून अधिक सह्या जमल्या, म्हणजे तिथल्या जवळपास दर दहा माणसांमागे एकाची. दोन वर्षांनी सरकार बदललं आणि सरोवर होतं त्या पातळीवर राहिलं.

भिऱ्यातून सुटणारं पाणी कुंडलिकेला मिळतं. भर मे महिन्यात कोलाडला राफ्टिंग चालतं ते याच पाण्यावर, आणि ते भीमेच्या खोऱ्यात परत वळवावं ही पूर्वेकडच्या तालुक्यांची मागणी अजून उभी आहे.