क्रूझला निघताना औषधांची पिशवी: काय घ्यायचं, किती घ्यायचं, कुठे ठेवायचं

मोठ्या क्रूझ जहाजावर दवाखाना असतो, डॉक्टर आणि नर्स असतात, दुकानात डोकेदुखीच्या नि मळमळीच्या चार गोळ्याही मिळतात. पण तिथला माल मोजका असतो, आणि जहाज बंदरात उभं असताना दुकानं बहुधा बंद ठेवलेली असतात. दवाखान्यात गेलात तर तपासणीची फी लागते आणि ती तुमच्या केबिनच्या बिलात चढते. साध्या पित्तासाठी किंवा सर्दीसाठी तेवढी धावपळ करण्यापेक्षा पिशवी नीट भरलेली बरी.

हे पत्रक डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या औषधांपुरतं आहे. मुलांचा म्हणून वेगळा सांगितलेला सोडून डोस सगळे प्रौढांचे आहेत. गरोदर असाल, स्तनपान देत असाल, किंवा रक्तदाब, किडनी, यकृत, काचबिंदू, प्रोस्टेट यांपैकी काही दुखणं असेल, तर यादी आधी डॉक्टरांना किंवा फार्मासिस्टला दाखवा.

औषधं मोठ्या बॅगेत टाकू नका

बंदरावरच्या टर्मिनलमध्ये मोठ्या बॅगा हमालांकडे द्याव्या लागतात. त्या केबिनच्या दाराशी येईपर्यंत दुपार, कधी संध्याकाळही होते. तोवर जहाज सुटलेलं असू शकतं, आणि मळमळीची गोळी घ्यायची वेळ तर जहाज सुटण्याआधीची. परतीच्या आदल्या रात्रीही तसंच होतं: बॅगा झोपण्यापूर्वी दाराबाहेर ठेवायच्या असतात आणि त्या थेट किनाऱ्यावरच पुन्हा हाती येतात. सकाळची रक्तदाबाची गोळी त्यात गेली तर गेली. म्हणून सगळी औषधं पहिल्या दिवशी हातातल्या बॅगेत, आणि शेवटच्या रात्री पुन्हा हातातल्याच बॅगेत.

मुख्य पिशवीबरोबर एक छोटी थैली वेगळी करा. बंदरावर फिरायला उतरताना तेवढीच न्यायची. तिच्यात दोन पॅरासिटामॉल, एक अ‍ॅलर्जीची गोळी, जुलाब थांबवणाऱ्या दोन लोपेरामाइड, ओआरएसचं एक पाकीट आणि चार पट्ट्या असल्या की पुरे. संपेल तसं मुख्य पिशवीतून भरायचं.

बोट लागण्यावरची गोळी

इथे चूक औषधात क्वचितच होते, वेळेत होते. लोक मळमळ सुरू झाली की गोळी घेतात. तोवर जठराची हालचाल मंदावलेली असते, गोळी पुढे आतड्यात सरकत नाही आणि उलटीबरोबर बाहेर पडते. म्हणून ही औषधं आधी घ्यायची असतात.

मेक्लिझिन २५ ते ५० मिलिग्रॅम निघण्याच्या एक तास आधी घेतात आणि दिवसातून एकदाच. डायमेनहायड्रिनेट ५० ते १०० मिलिग्रॅम, अर्धा ते एक तास आधी. हिचा असर लवकर ओसरतो म्हणून ४ ते ६ तासांनी पुन्हा घेता येते, पण २४ तासांत ४०० मिलिग्रॅमच्या वर नाही. सिनॅरिझिन घेणार असाल तर दोन तास आधी ३० मिलिग्रॅम, मग लागेल तशी दर ८ तासांनी १५ मिलिग्रॅम. तिन्हींपैकी एकच निवडा. एकीने भागलं नाही म्हणून त्यावर दुसरी घेतली तर मळमळ तितकीच राहते आणि झोप मात्र दुप्पट येते.

झोपेबद्दल थोडं जास्त सांगायला हवं. या तिन्ही अँटिहिस्टामिन, म्हणजे अ‍ॅलर्जीवरच्या औषधांच्या गटातल्या. तोंड कोरडं पडतं, नजर थोडी धूसर होते, गुंगी येते, आणि दारूबरोबर हे सगळं वाढतं. काचबिंदू असलेल्यांनी आणि प्रोस्टेटमुळे लघवी अडकणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय या घेऊ नयेत. अ‍ॅलर्जीसाठी रोज सेटिरिझिन घेत असाल तर गुंगीत भर पडेल हे धरून चला. सगळ्यात उत्तम म्हणजे प्रवासाच्या आठवडाभर आधी, गाडी चालवायची नसेल अशा दिवशी, घरी एक गोळी घेऊन पाहा. किती झोप येते ते कळतं आणि मग जहाजावर रात्री घ्यायची की सकाळी, ते ठरवता येतं. मेक्लिझिन रात्री झोपताना घेतली तर तिची बरीचशी गुंगी झोपेतच निघून जाते.

कानामागे लावायचा स्कोपोलामिनचा पॅच बहुतेक ठिकाणी चिठ्ठीवरच मिळतो. डॉक्टरांनी दिला असेल तर निघण्याच्या निदान ४ तास आधी लावा. तो ७२ तास चालतो. कापून अर्धा करू नका. हाताळल्यावर हात साबणाने धुवा, कारण तेच बोट डोळ्याला लागलं की बाहुली मोठी होते आणि दिवसभर अंधुक दिसतं. असे लोक दवाखान्यात घाबरेघुबरे होऊन येतात.

आल्याच्या गोळ्यांनी काहींना बरं वाटतं आणि झोप येत नाही. मनगटावरच्या पट्ट्यांचा मात्र ठोस फायदा अभ्यासांत दिसलेला नाही. औषधाइतकाच उपयोग जागेचा होतो: जहाजाच्या मध्यावर, खालच्या मजल्यांवर हेलकावे कमी जाणवतात. क्षितिजाकडे पाहत मोकळ्या डेकवर बसा, मोबाइलवर वाचू नका. उलट्या थांबतच नसतील तर गोळ्यांवर गोळ्या घेऊ नका. दवाखान्यात जाऊन इंजेक्शन घेणं बरं.

जुलाब आणि उलट्या

जहाजावरच्या साथींत नोरोव्हायरसचं नाव सगळ्यात जास्त येतं. संसर्गानंतर १२ ते ४८ तासांत त्रास सुरू होतो आणि बहुतेकांना १ ते ३ दिवसांत बरं वाटतं. दारात लावलेल्या सॅनिटायझरवर विसंबू नका. अल्कोहोलने हा विषाणू नीट मरत नाही, साबण आणि वाहत्या पाण्याने तो हातावरून निघून जातो. निदान २० सेकंद चोळायचं, जेवणाआधी आणि शौचालयातून आल्यावर, न चुकता.

पिशवीत सगळ्यात आधी ओआरएस. जुलाबात जीव जातो तो पाणी आणि क्षार कमी झाल्याने, आणि ते भरून काढायचं काम या पाकिटाशिवाय दुसरी गोळी करत नाही. मोठं पाकीट एक लिटर पाण्याचं, छोटं २०० मिलिलिटरचं. पाकिटावर लिहिलेलं प्रमाणच पाळायचं. केबिनमधल्या पेल्यात किती मावतं ते कुणाला ठाऊक नसतं, आणि नेमकं तिथेच मोठं पाकीट एका पेल्यात ओतलं जातं. एवढं दाट पाणी आतड्यात आणखी पाणी खेचतं आणि जुलाब वाढतात. एक लिटरची पाण्याची बाटली बरोबर ठेवा, तिच्यातच कालवा. उलट्या होत असतील तर घोटघोट, दर दोन-तीन मिनिटांनी एक-दोन चमचे. २४ तासांनी उरलेलं ओतून द्या.

लोपेरामाइड हे दुसऱ्या क्रमांकाचं. सुरुवातीला ४ मिलिग्रॅम, म्हणजे २ मिलिग्रॅमच्या दोन कॅप्सूल, मग प्रत्येक पातळ शौचानंतर एक. २४ तासांत ८ मिलिग्रॅमच्या वर नाही. ताप असेल किंवा शौचात रक्त दिसलं तर अजिबात घेऊ नका, आतली घाण आत कोंडली जाते. १२ वर्षांखालच्या मुलांना डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. आणि लोपेरामाइडने जुलाब थांबले म्हणजे संसर्ग संपला असं नाही. जहाजाच्या दवाखान्याला कळवा. ते केबिनमध्येच राहायला सांगतील, जेवण तिथे पाठवतील. सुट्टीचे दोन दिवस जातात हे खरं, पण लपवून जेवणाच्या हॉलमध्ये गेलात तर शेजारच्या टेबलाचेही जातात.

ताप, अंगदुखी, सर्दी

पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅम: एक किंवा दोन गोळ्या, ४ ते ६ तासांचं अंतर, दिवसाला जास्तीत जास्त ८ गोळ्या. काही देशांत याच औषधाला असिटामिनोफेन म्हणतात. जहाजावरच्या दुकानातून त्या नावाची गोळी घेऊन वर स्वतःची पॅरासिटामॉल घेणारे बरेच असतात. सर्दीच्या बहुतेक मिश्र गोळ्यांतही हेच असतं. सर्दीच्या दोन गोळ्या, तापाची एक, रात्री झोप आणणारी आणि दुखणं थांबवणारी आणखी एक, असं करता करता मर्यादा ओलांडते आणि यकृताला इजा होते, तीही पहिला दिवसभर काही न जाणवता. म्हणून आम्ही मिश्र गोळ्यांपेक्षा सुटी औषधं सुचवतो: तापाला पॅरासिटामॉल, वाहत्या नाकाला सेटिरिझिन, चोंदलेल्या नाकाला स्प्रे.

स्प्रे ऑक्सिमेटाझोलिनचा असेल तर तीन दिवसांच्या वर नको. त्यानंतर स्प्रे सोडला की नाक पहिल्यापेक्षा जास्त चोंदतं. साधा खारट पाण्याचा स्प्रे मात्र हवा तेवढा वापरा. एसीच्या कोरड्या हवेत तो उपयोगी पडतो.

आयबुप्रोफेन पायाच्या दुखण्याला छान, पण खाल्ल्यावरच, एका वेळी २०० ते ४०० मिलिग्रॅम, दिवसाला १२०० पर्यंत. जुलाब-उलट्यांनी अंगातलं पाणी कमी झालेलं असताना ती टाळा, किडनीवर ताण येतो.

मुलांसाठी सिरप न्यायचं तर मापाची सिरिंज किंवा टोपी त्याच बाटलीला रबराने बांधून ठेवा. डोस वयावरून नाही, वजनावरून: पॅरासिटामॉल एका वेळी दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम. निघण्याआधी मुलाचं वजन करून मिलिलिटरचा आकडा बाटलीवर पेनाने लिहा.

पोट आणि पित्त

बुफेमुळे आम्लपित्त आणि बद्धकोष्ठता दोन्ही जोरात. चघळायची अँटासिड लगेच काम करते, पण इतर औषधांपासून दोन तास दूर ठेवा. ओमेप्राझोल २० मिलिग्रॅमचा पूर्ण परिणाम यायला १ ते ४ दिवस लागतात, जेवण झाल्यावर छाती जळू लागली म्हणून घेण्याची ती गोळी नव्हे. इसबगोल एक-दोन चमचे, मोठा पेला पाण्याबरोबर आणि लगेच. कमी पाण्यात घेतलं तर घशातच फुगतं.

ऊन आणि पाय

सनस्क्रीन लोक हमखास कमी नेतात. प्रौढ माणसाला अंगभर एकदा लावायला साधारण ३० ते ३५ मिलिलिटर लागतं, म्हणजे १०० मिलिलिटरची बाटली तीन वेळांत संपते. दर दोन तासांनी आणि पोहून आल्यावर पुन्हा लावायचं असतं. पोहण्याचे, समुद्रकिनाऱ्याचे तीन दिवस असतील तर माणशी ३०० मिलिलिटर धरा. एसपीएफ ३० किंवा वरचं. हवाईमध्ये १ जानेवारी २०२१ पासून ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनोक्सेट असलेलं सनस्क्रीन विकायला बंदी आहे, पॅसिफिकमधल्या पलाऊ या बेटांच्या देशात २०२० पासून प्रवाळांना घातक ठरवलेल्या घटकांचं सनस्क्रीन वापरायलाही. झिंक ऑक्साइडचं घेतलं की हा प्रश्न उरत नाही.

भाजलेल्या त्वचेला कोरफडीचं जेल, कीटक चावल्यावर हायड्रोकॉर्टिसोन १ टक्क्याचं मलम. फोडांसाठी हायड्रोकोलॉइडच्या (जेलसारख्या चिकटणाऱ्या) पट्ट्या घ्या, साध्या पट्ट्या घामाने सुटतात. हायड्रोकोलॉइडची पट्टी त्वचा लाल झाल्यावर लगेच लावायची, फोड फुटायची वाट पाहायची नाही.

किती न्यायचं

दोन प्रौढ, सात रात्री: पॅरासिटामॉल २०, आयबुप्रोफेन १०, मेक्लिझिन १६, सेटिरिझिन १०, लोपेरामाइड ८, अँटासिड १५ ते २०, ओआरएसची लिटरची ६ पाकिटं, अँटिसेप्टिक मलमाची एक छोटी ट्यूब, पट्ट्या १५, एक डिजिटल थर्मामीटर. मेक्लिझिन रोज लागेलच असं नाही, लागली तर सलग लागते म्हणून तेवढी. रोजच्या चिठ्ठीच्या औषधांचे तीन-चार दिवस जास्तीचे घ्या. वादळामुळे जहाज उशिरा लागणं किंवा बंदर बदलणं नवीन नाही. जहाजाचं घड्याळ प्रवासात एखादा तास पुढे-मागे केलं जातं, तेव्हा डोस तासांच्या अंतरावर मोजा, घड्याळाच्या काट्यावर नाही.

मूळ वेष्टन फेकू नका

जागा वाचवायला गोळ्या एका डबीत ओतल्या की दोन पांढऱ्या गोळ्यांतली कोणती कोणती हे तिसऱ्या दिवशी कुणालाच सांगता येत नाही, तपासणी अधिकाऱ्याला तर नाहीच. स्ट्रिप कापायचीच असेल तर नाव आणि एक्स्पायरी छापलेली बाजू राखून कापा. चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव लिहून घ्या, ब्रँडचं नाव दुसऱ्या देशात कुणी ओळखत नाही.

जहाज ज्या ज्या बंदराला लागतं त्या प्रत्येक देशाचे नियम लागू होतात. नाक मोकळं करणारं स्यूडोएफेड्रिन मेक्सिकोत नेता येत नाही, जपानमध्ये १० टक्क्यांहून जास्त प्रमाण असलेलं चालत नाही. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध संयुक्त अरब अमिरातीत परवानगीशिवाय नेणं गुन्हा ठरू शकतो. ही दोन नावं लेबलवर शोधा आणि दिसली तर ते औषध घरीच ठेवा. पर्याय भरपूर आहेत.

बंदरापर्यंत विमानाने जाणार असाल तर १०० मिलिलिटरच्या वरचं सनस्क्रीन मोठ्या बॅगेत टाका. आवश्यक औषधाच्या सिरपला बहुतेक ठिकाणी सूट मिळते, पण ते तपासणीच्या वेळी वेगळं काढून दाखवावं लागतं.

केबिनमध्ये

न्हाणीघर टाळा: वाफेने कॅप्सूल एकमेकींना चिकटतात. खिडकीखालची फळीही नको, तिथे दुपारी ऊन येतं. केबिनच्या भिंती बहुधा पोलादी असतात, म्हणून लोहचुंबकाचा हूक चिकटतो; त्यावर पिशवी टांगली की ती दिसतही राहते आणि लहान मुलांच्या हाती लागत नाही. फ्रिजमध्ये ठेवायचं औषध असेल तर केबिनमधल्या छोट्या फ्रिजवर भरवसा ठेवू नका, त्यातले बरेच नुसते थंडावा धरणारे असतात. आत फ्रिजचा थर्मामीटर (तापाचा नव्हे) ठेवून २ ते ८ अंश राहतात का पाहा, नाहीतर दवाखान्याला विचारा. डोळ्यांच्या थेंबांची बाटली उघडलीत तर तारीख लिहा. बहुतेक बाटल्या उघडल्यापासून २८ दिवसांनी टाकून द्यायच्या असतात.