कृत्रिम गुडघा दहाच वर्षं टिकतो?

‘कृत्रिम गुडघा दहा वर्षांत बाद होतो, तोवर दुखणं सोसा,’ या सल्ल्यापायी माणसं विनाकारण लंगडत राहतात. ऑस्ट्रेलिया-फिनलंडमधल्या सांधेबदलाच्या राष्ट्रीय नोंदींवरून 2019 मध्ये काढलेला अंदाज सांगतो, पूर्ण बदललेले सुमारे 82 टक्के गुडघे 25 वर्षं टिकतात. खुबे 58 टक्के.

हे कळतं कृत्रिम सांध्याच्या खोक्यावरच्या स्टिकरमुळे. त्यावरचा मॉडेल आणि लॉट (उत्पादनाच्या खेपेचा) क्रमांक रुग्णाच्या नावावर नोंदवतात. पुढे कुठेही तो सांधा बदलला, की नोंदी जुळतात. एएसआर हा धातूवर धातू घासणारा खुबा लवकर निकामी होतोय, हे ऑस्ट्रेलियात 2007 मध्येच दिसलं. 2010 मध्ये तो जगभरातून मागे घेतला गेला.

मात्र पुन्हा ऑपरेशन न करता दुखणं सोसणाऱ्या रुग्णाचा सांधाही या आकड्यांत टिकलेलाच धरला जातो; त्याचं दुखणं त्यांत दिसत नाही. त्यासाठी वेदनेची प्रश्नावली वेगळी भरून घ्यावी लागते.