समुपदेशकाची फाइल आणि कोर्टाचं समन्स : पार्श्वभूमी

बलात्काराच्या खटल्यात बचाव पक्षाने समुपदेशन केंद्राची फाइल मागवली, तर ‘आमचं बोलणं गोपनीय असतं’ एवढ्या उत्तरावर भारतात ती अडवून धरता येत नाही. वकिलाला ते उत्तर देता येतं, लग्नाच्या जोडीदारालाही देता येतं. अशा खटल्यात समुपदेशकाला तसा हक्क कोणत्याच कायद्याने दिलेला नाही.

याचं मूळ १८७२ च्या पुरावा कायद्यात आहे. जेम्स फिट्झजेम्स स्टीफन या इंग्रज कायदेपंडितांनी तो बांधला, तेव्हा कलम १२२ ने पती-पत्नीतलं बोलणं आणि कलम १२६ ने वकील-अशिलातलं बोलणं झाकलं. डॉक्टरला त्यात जागा मिळाली नाही, कारण इंग्लंडमध्येही ती नव्हती. तिथल्या किंग्स्टनच्या डचेसवर, म्हणजे एका उमराव बाईवर, १७७६ मध्ये नवरा हयात असताना दुसरं लग्न केल्याचा खटला चालला. त्यात तिचा सर्जन सीझर हॉकिन्स याला साक्ष द्यावीच लागली. वैद्याची गुप्तता कोर्टापुढे चालत नाही, असं न्यायाधीश लॉर्ड मॅन्सफील्ड यांनी ठरवलं. समुपदेशक हा पेशाच तेव्हा नव्हता. १ जुलै २०२४ पासून त्या जुन्या कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला. जुनी कलमं १२८ आणि १३२ या नव्या आकड्यांनी पुढे आली आणि समुपदेशक पुन्हा बाहेरच राहिला. दीडशे वर्षांनी कायदा नव्याने लिहायला घेतला असताना ही संधी गेली, हे खटकतं.

दरम्यान बायकांच्या चळवळीने कायदा बदलायला लावला, पण दुसऱ्या अंगाने. १९७२ च्या मार्चमध्ये महाराष्ट्रातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला आणि १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही पोलिसांना सोडलं. तिचं नाव निकालपत्रात छापलं गेलं आणि पुढे तेच प्रकरणाचं नाव होऊन बसलं, म्हणून इथे ते देत नाही. उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार या कायद्याच्या अभ्यासकांनी १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. त्यातून पेटलेल्या आंदोलनानंतर १९८३ ची दुरुस्ती आली : पीडितेचं नाव छापणं गुन्हा ठरलं आणि सुनावणी इन कॅमेरा, म्हणजे बंद दाराआड होऊ लागली. २००२ च्या दुरुस्तीने तिच्या ‘चारित्र्या’वर बोट ठेवायची मुभा काढली, २०१३ मध्ये ते दार आणखी घट्ट झालं. नाव झाकलं, पूर्वायुष्य झाकलं. तिने सावरण्यासाठी कुणाजवळ काय बोललं, ते उघडंच राहिलं.

आणि हे बोलणं होत होतं कुठे? मुंबईत १९८४ मध्ये टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने महिला व मुलांसाठीचा विशेष कक्ष सुरू केला तो पोलीस आयुक्तालयातच. २००० च्या सुमारास महापालिका आणि ‘सेहत’ ही आरोग्यावर काम करणारी संस्था यांनी ‘दिलासा’ केंद्र काढलं वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात. पुढे सगळी मदत एकाच जागी देणारी सरकारी ‘सखी’ वन स्टॉप सेंटरं आली, तीही अनेक ठिकाणी रुग्णालयाला लागून. बाई जिथे आधी पोचते तिथेच मदत ठेवायची, हा विचार बरोबरच होता. पण त्यामुळे समुपदेशनाचा कागद एमएलसीच्या, म्हणजे पोलीस केससाठीच्या वैद्यकीय तपासणीच्या कागदाशेजारी आला आणि एकाच गठ्ठ्यात बांधला जायची भीती कायमची चिकटली.

बाहेर हाच वाद विधिमंडळांपर्यंत गेला. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात पिट्सबर्गच्या एका बलात्कार-मदत केंद्राच्या संचालिकेने फाइल द्यायला नकार दिला, तिच्यावर अवमानाचा ठपका आला. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९८१ मध्ये पूर्ण संरक्षण नाकारलं आणि त्याच वर्षी विधिमंडळाने कायदा करून ते दिलं. कॅनडात १९९७ पासून आरोपीला लेखी अर्ज करावा लागतो, पीडितेला आणि केंद्राला नोटीस जाते, फाइल आधी न्यायाधीश एकटे पाहतात. ‘फाइल आहे म्हणून हवी’ एवढं कारण पुरत नाही. त्याच वर्षी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने विंडसरच्या एका केंद्राने नोंदी श्रेडरमध्ये घातल्या म्हणून अख्खा खटलाच थांबवला. जिला वाचवायचं तिचंच नुकसान झालं.

भारतात सगळ्यात जवळ जाणारा कायदा २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा. त्याचं कलम २३ गोपनीयतेचा हक्क देतं. पण तो ‘मानसिक आजार असलेल्या’ व्यक्तीचा हक्क आहे; अत्याचारानंतर झोप उडालेली प्रत्येक बाई त्या व्याख्येत बसत नाही आणि बसवूही नये. शिवाय उच्च न्यायालय किंवा सक्षम प्राधिकरणाचा आदेश आला की माहिती द्यावीच लागते. गंमत अशी, की महाराष्ट्रातल्या कौटुंबिक न्यायालयांच्या १९८८ च्या नियमांनुसार तिथल्या समुपदेशकाच्या नोंदी दोन्ही पक्षांच्या संमतीशिवाय कोर्टापुढे आणता येत नाहीत. म्हणजे घटस्फोटाच्या भांडणाला जे संरक्षण आहे, ते बलात्काराच्या खटल्याला नाही.

अठरा वर्षांखालच्या मुलांची गोष्ट याहून कडक. पॉक्सोचं, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याचं कलम १९ म्हणतं, कळलं की कळवा. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद. बाल कल्याण समितीने मुलाच्या सोबतीला नेमलेल्या सपोर्ट पर्सनवर मात्र मुलाची माहिती गुप्त ठेवायचं बंधन नियमांनीच घातलंय. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने थोडी वाट दिली : परस्परसंमतीच्या संबंधातून अल्पवयीन मुलगी गर्भपातासाठी आली, तर तिच्या आणि पालकांच्या विनंतीवरून डॉक्टरने पोलिसांना कळवताना तिची ओळख द्यायची गरज नाही. समुपदेशकाचा त्यात उल्लेख नाही. प्रौढ बाईच्या बाबतीत खासगी समुपदेशकावर पोलिसांना कळवण्याची सक्ती नाही; रुग्णालयावर मात्र आहे. तिला तक्रार करायची नसेल, तर तो नकार तिच्या सहीने केस पेपरवर नोंदवायचा असतो.

म्हणून प्रत्यक्षात गोपनीयता टिकते ती नोंद कशी लिहिली यावर. बिघडतं कसं, ते पाहा. पहिल्या भेटीत ती थरथरत असते, ‘साडेनऊ-दहा असतील’ म्हणते, समुपदेशक ‘९.३०’ लिहितो. एफआयआरमध्ये ११ असतात. दीड वर्षाने उलटतपासात तोच आकडा तिच्यासमोर धरला जातो, कारण साक्षीदाराचं लिहून घेतलेलं आधीचं बोलणं विसंगती दाखवायला वापरता येतं. घटनेचा तपशील नोंदवणं हे पोलिसांचं आणि डॉक्टरचं काम. समुपदेशकाने भेटीची तारीख, तिची अवस्था, जिवाचा धोका, दिलेली मदत आणि पुढची भेट एवढंच लिहावं. ‘खरं बोलत नसावी’, ‘प्रेमसंबंध असावेत’ असले तर्क अजिबात नकोत. फाइल एमएलसीपासून वेगळ्या कपाटात, नावाऐवजी क्रमांकाने ठेवावी.

तपास अधिकाऱ्याने तोंडी मागितलं तर लेखी आदेश मागावा; फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याचं, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ९४ त्यासाठी आहे. आदेश आला की तिला लगेच कळवावं आणि वकिलामार्फत कोर्टाला अर्ज द्यावा : फाइल सीलबंद पाकिटात देतो, आधी न्यायाधीशांनी पाहावी, खटल्याशी संबंध असेल तेवढाच भाग द्यावा आणि पूर्वीच्या संबंधांचे उल्लेख वगळावेत. मागणी आल्यावर कागद फाडणं हा स्वतंत्र गुन्हा आहे. आणि हे सगळं तिला पहिल्याच भेटीत, तिने बोलायला सुरुवात करण्याआधी सांगायचं : काय लिहिणार, कोण मागू शकतं, आणि कुठे आपल्याला नाही म्हणता येणार नाही.