झऱ्यांतील गुहा-डायव्हिंग आणि प्रवेशबंधने

जमिनीखालच्या चुनखडकात पाण्याने कोरलेल्या आणि छतापर्यंत पाण्याने भरलेल्या गुहांमध्ये हवेच्या टाक्या घेऊन शिरणे, म्हणजे गुहा-डायव्हिंग. गोड्या पाण्याच्या मोठ्या झऱ्याचे तोंड हा अशा गुहेत उतरण्याचा सर्वांत सोपा मार्ग. समुद्रातल्या डायव्हिंगहून इथला मुख्य फरक म्हणजे डोक्यावर खडक असतो. हवा संपत आली किंवा जीव घाबरा झाला तरी वर जाता येत नाही; जेवढे अंतर आत आलो तेवढेच पोहून बाहेर पडावे लागते. म्हणून जगातल्या अनेक नामवंत झऱ्यांवर परवाना, कुलूप किंवा लोखंडी जाळी आहे. हे निर्बंध सरकारी आडमुठेपणातून आले, असा समज होणे साहजिक आहे. प्रत्यक्षात त्यांतले बरेचसे पाणबुड्यांनी (डायव्हरांनी) स्वतः, मरण पावलेल्या सोबत्यांच्या अपघातांचा अभ्यास करून घालून घेतले आहेत. ते नसते तर यांतले कित्येक झरे कायमचे बंद झाले असते.

मुंबईच्या वाचकाला हा प्रकार परका वाटतो, याचे कारण पायाखालचा दगड. चुनखडक पावसाच्या सौम्य आम्लयुक्त पाण्यात विरघळतो आणि हजारो वर्षांत त्यात माणूस जाईल एवढे बोगदे तयार होतात. मुंबई उभी आहे ती ज्वालामुखीच्या खडकावर, आणि हा खडक तसा विरघळत नाही. कान्हेरी, महाकाली, जोगेश्वरी, मंडपेश्वर, घारापुरी ही सगळी लेणी छिन्नीने खोदलेली. कान्हेरीच्या पोढ्यांत, म्हणजे खडकात खोदलेल्या टाक्यांत, साठते ते पावसाचे पाणी. वाळकेश्वरच्या बाणगंगेत समुद्राला लागून गोड्या पाण्याचा झरा आहे, हे नवल खरेच. पण ते पाणी खडकातल्या फटींतून पाझरते; आत शिरायला तिथे वाट नाही. राज्यात चुनखडक आहे तो चंद्रपूर-यवतमाळकडे, आणि देशातल्या सर्वांत लांब गुहा मेघालयात.

या डायव्हिंगचे माहेरघर म्हणजे अमेरिकेतले फ्लोरिडा राज्य. तिथे एक हजाराहून अधिक झरे आहेत. पाणी बारमाही सुमारे २१-२२ अंश सेल्सिअस आणि इतके नितळ की गुहेची लांबवरची भिंत टॉर्चच्या उजेडात स्पष्ट दिसते. हा नितळपणाच नवख्याचा घात करतो. गुहेच्या तळाशी पिठासारखा बारीक गाळ असतो. पायातल्या फिनचा एक चुकीचा फटका बसला की तो उठतो आणि काही क्षणांत हातातला दिवाही दिसेनासा होतो.

अशा वेळी उपयोगी पडते ती दोरी. पाणबुड्या रिळावरची दोरी पहिल्यांदा बांधतो ती उघड्या पाण्यात, जिथून सरळ वर जाता येते अशा जागी. दुसरी गाठ गुहेच्या तोंडाशी आणि तिथून पुढे प्रत्येक वळणावर दोरीला आधार. दोरीवर प्लॅस्टिकचे बाण बसवतात. त्यांचे टोक नेहमी बाहेर पडण्याच्या जवळच्या वाटेकडे असते, म्हणजे डोळ्यांना दिसले नाही तरी बोटांना दिशा कळते. गाळ उठला की अंगठा आणि तर्जनी यांचे कडे दोरीभोवती करायचे, दोरी ओढायची नाही आणि त्या कड्यातून ती सरकू देत बाहेर पडायचे. प्रशिक्षणात हे डोळ्यांवर पट्टी बांधून करून घेतात.

हवेचा हिशेब तितकाच कडक. टाकीत २१० बार दाब असेल तर ७० बार जाण्यासाठी, ७० परतण्यासाठी आणि ७० राखीव. जोडीतल्या कुणाचाही काटा १४० वर आला की दोघांनी मागे वळायचे. राखीव तिसरा हिस्सा मुळात जोडीदाराचा असतो. गुहेच्या सर्वांत आतल्या टोकाला त्याची सगळी हवा गेली, तर दोघांना परतायला माझ्याकडे नेमके ७० अधिक ७० उरलेले हवेत. झऱ्याचा प्रवाह बाहेर येणारा असल्याने परतताना तो मदत करतो. पाणी आत ओढणाऱ्या गुहेत उलटे घडते, आणि तिथे तिसरा हिस्साही पुरत नाही.

नियम कसे घडले

इंग्लंडमधल्या वूकी होल गुहेत १९३५ साली नळीने हवा पुरवणारा अवजड पोशाख घालून झालेल्या डुबक्यांपासून या प्रकाराची सुरुवात मानतात. १९४६ मध्ये फ्रान्सच्या व्होक्लूझ झऱ्यात प्रसिद्ध फ्रेंच पाणबुडे जाक कूस्तो मरता मरता वाचले. टाक्यांमधली हवाच कार्बन मोनॉक्साइडने दूषित झाली होती. पुढे साधने स्वस्त झाली आणि साठ-सत्तरच्या दशकांत फ्लोरिडात समुद्राचे प्रशिक्षण घेतलेले तरुण झऱ्यांत उतरून मरू लागले. झरे बंद करण्याची मागणी झाली. ऑस्ट्रेलियातही १९७३ मध्ये माउंट गँबियरजवळच्या ‘द शाफ्ट’ या पाण्याने भरलेल्या विवरात चौघांचा मृत्यू झाला. त्याच वर्षी तिथल्या पाणबुड्यांनी संघटना स्थापन केली, परीक्षा घ्यायला सुरुवात केली आणि जमीनमालकांशी बोलून प्रवेशाची पद्धत बसवली.

फ्लोरिडाचे गुहा-पाणबुडे शेक एक्सले यांनी मृत्यूंच्या नोंदी एकेक करून तपासल्या आणि १९७९ मध्ये त्यांवरून एक पुस्तिका लिहिली. बाहेरपर्यंत सलग दोरी नसणे, हवेचा तिसरा हिस्सा न राखणे आणि झेपेल त्याहून खोल जाणे, ही तीन कारणे त्यांना पुन्हा पुन्हा आढळली. पुढे गुहेचे स्वतंत्र प्रशिक्षण आणि प्रत्येकाकडे किमान तीन दिवे, या दोन अटींची भर पडली. आज अनेक गुहांच्या तोंडाशी पाण्याखाली ‘थांबा’ असा फलक असतो, आणि त्यावर काळ्या झग्यातला, हातात कोयता घेतलेला सांगाडा. एक्सले स्वतः १९९४ मध्ये मेक्सिकोतल्या झाकातोन कुंडात विक्रमी खोलीच्या प्रयत्नात मरण पावले. त्यांच्या नियमांनी किती जीव वाचवले याची मोजदाद होणार नाही, पण हे ऋण मोठे आहे.

बंदीचे प्रकार

टेक्सासमधल्या जेकब्ज वेल या झऱ्याची हकीगत इथे मुद्दाम सांगण्यासारखी आहे. तिथे दोन तरुण मरण पावल्यानंतर एका स्थानिक डायव्हिंग व्यावसायिकाने १९८० मध्ये आतल्या अरुंद दालनाच्या तोंडावर सळ्या आणि काँक्रीटची जाळी बसवली. काही महिन्यांनी ती उखडलेली सापडली. सोबत एक पाटी होती: तुम्ही आम्हाला अडवू शकत नाही. आता तिथे हौशी डायव्हिंगला मनाई आहे. नुसत्या लोखंडाने माणूस थांबत नाही. त्यामागचे कारण पटलेले असावे लागते.

फ्लोरिडातल्या वकुला झऱ्यात पोहता येते, पण हौशी डायव्हिंगला परवानगी नाही. आतल्या गुहेत जातो तो परवानाधारक संशोधक गट. गुहा सुमारे ९० मीटर खोल, त्यामुळे श्वासासाठी हेलियममिश्रित वायू लागतो आणि परतताना शरीरावरचा दाब हळूहळू उतरवण्यात तासन्‌तास जातात. २००७ मध्ये या गटातल्या दोघांनी दुसऱ्या एका कुंडातून उतरून सुमारे ११ किलोमीटर पाण्याखालून वकुलात येऊन दाखवले. याच भागात रंगद्रव्य सोडून केलेल्या चाचण्यांमधून टालाहासी शहराचे प्रक्रिया केलेले सांडपाणी कुठून झऱ्यात पोचते ते कळले, आणि शहराला शुद्धीकरण सुधारावे लागले. मुंबईकराला अशी बंदी पटायला हरकत नाही. विहार (१८६०) आणि तुळशी (१८७९) तलावांत आपल्यालाही उतरू देत नाहीत, ते पिण्याचे पाणी आहे म्हणूनच.

मेक्सिकोतल्या ओयो नेग्रो या पाण्याखालच्या गुहेवर पुरातत्त्वासाठी निर्बंध आहेत. २००७ मध्ये तिथे किशोरवयीन मुलीचा सुमारे १२ ते १३ हजार वर्षांपूर्वीचा सांगाडा सापडला.

महाराष्ट्राचा संबंध

मराठी घरांत या विषयाची चर्चा झाली ती २०१८ च्या जुलैत, थायलंडच्या थाम लुआंग गुहेत बारा मुले आणि त्यांचे प्रशिक्षक अडकले होते तेव्हा. झऱ्याची नव्हे, पावसाने भरलेली ती गुहा. पाणी उपसण्याच्या कामी किर्लोस्कर ब्रदर्सचे तज्ज्ञ तिथे गेले होते. आत हवेच्या टाक्या पोचवून परतताना थायलंडचे माजी नौदल पाणबुडे समन कुनान यांचा मृत्यू झाला. मुले सगळी वाचली.

मुंबईतली हौशी मंडळी तलावात सराव करून समुद्रातल्या डुबक्यांसाठी तारकर्ली, नेत्राणी किंवा अंदमान गाठतात. तिथे मिळणारे ओपन वॉटर कार्ड, म्हणजे प्राथमिक प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र, १८ मीटरपर्यंतच्या उघड्या पाण्याचे असते, गुहेचे नव्हे. गुहेचे शिक्षण टप्प्याटप्प्याने फ्लोरिडा किंवा मेक्सिकोसारख्या ठिकाणी घ्यावे लागते: आधी उजेड पोचतो तेवढाच भाग, मग पुढचा. नुसते ओपन वॉटर कार्ड घेऊन फ्लोरिडाच्या गिनी स्प्रिंग्जला गेलात, तर ‘बॉलरूम’ नावाच्या प्रशस्त दालनात दिवा घेऊन जाता येते. त्याच्या टोकाला जाळी आहे. शेजारच्या डेव्हिल्स झऱ्यांत जाळी नाही. तिथे गुहेचे कार्ड नसलेल्याला टॉर्च नेऊ देत नाहीत, कारण दिवा नसला की अंधार सुरू होतो तिथे माणूस आपणहून मागे वळतो.