फोटोशॉपच्या टूलबारमधली डार्करूम

फोटोशॉपच्या टूलबारमध्ये काडीला लावलेल्या चकतीचं एक छोटं चिन्ह आहे आणि त्याच्या जोडीला अर्धवट मिटलेल्या हाताचं. पहिलं डॉजचं, म्हणजे फोटोतला एखादा भाग उजळ करण्याचं, दुसरं बर्नचं, म्हणजे तो गडद करण्याचं. दोन्ही थेट डार्करूममधून, म्हणजे निगेटिव्हवरून फोटो छापायच्या अंधाऱ्या खोलीतून आलेली. फोटोत फेरफार करायची खोड संगणकाने लावली असं सर्रास म्हटलं जातं, पण ती खोड जवळजवळ फोटोग्राफीइतकीच जुनी आहे.

फ्रान्सच्या डागेरची फोटो काढायची पद्धत १८३९ साली जगापुढे आली. तिच्यात एका फोटोची एकच प्रत निघे. इंग्लंडच्या टॅल्बटने १८४१ मध्ये पेटंट घेतलेल्या कॅलोटाइप या पद्धतीत आधी निगेटिव्ह, म्हणजे उजेड-अंधार उलटे असलेली प्रतिमा, आणि मग त्यावरून हव्या तेवढ्या प्रिंट काढता येऊ लागल्या. निगेटिव्ह आणि प्रिंट यांच्या मधल्या टप्प्यावर माणसाच्या हाताला वाव मिळाला, तो इथून.

१८५१ मध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चरने ओल्या कोलोडियनची पद्धत मांडली. काचेवर कोलोडियन हा चिकट द्रव ओतायचा, काच सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवायची आणि ती ओली आहे तोवर फोटो घेऊन डेव्हलपही करायचा. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी निघाली आणि डॉ. भाऊ दाजी लाड तिचे सभासद झाले, तेव्हा जगभर ही पद्धत नुकतीच रुळत होती. तिची एक अडचण होती. कोलोडियनच्या काचेवर निळ्या प्रकाशाचा परिणाम फार लवकर होतो. समुद्र नीट यावा म्हणून जास्त वेळ प्रकाश दिला, की आकाश साफ पांढरं पडे आणि ढग नाहीसे होत. गुस्ताव ल ग्रे या फ्रेंच छायाचित्रकाराने १८५० च्या दशकात यावर तोड काढली. समुद्राची एक निगेटिव्ह, आकाशाची दुसरी, आणि क्षितिजाच्या रेषेवर दोन्ही जुळवून एकच प्रिंट. त्याच्या काही वेगवेगळ्या चित्रांत चक्क तेच ढग दिसतात. माझ्या मते ही फसवणूक नव्हती. डोळ्यांना दिसलेलं काचेवर येत नव्हतं, ते त्याने परत आणलं.

पुढे निगेटिव्हची प्रतिमा मोठी करून कागदावर पाडणारा एन्लार्जर आला, तसं हे काम सेकंदांच्या हिशोबात होऊ लागलं. लाल दिव्याच्या उजेडात कागदावर निगेटिव्हची प्रतिमा पडलेली असते. चेहरा फार काळा येणार असं वाटलं, की तारेला लावलेली पुठ्ठ्याची चकती काही सेकंद त्या जागेवर धरायची, तेवढा भाग उजळ राहतो, हेच डॉज. चकती सतत हलती ठेवावी लागते, नाहीतर तिची कड कागदावर उमटते. आकाश गडद हवं असेल, तर हाताच्या ओंजळीतून फक्त तिथेच जास्त प्रकाश सोडायचा, हे बर्न. हे सगळं प्रत्येक प्रिंटला नव्याने, त्यामुळे दोन प्रिंट तंतोतंत सारख्या निघणं कठीणच.

स्टुडिओतल्या रिटचरचं, म्हणजे निगेटिव्हवर हाताने दुरुस्ती करणाऱ्याचं काम याहून नाजूक. चेहऱ्यावरचे डाग आणि सुरकुत्या निगेटिव्हवर पारदर्शक दिसतात. खालून उजेड देऊन, भिंगातून पाहत, टोकदार पेन्सिलीने तो त्या जागा बारीक रेघांनी भरत असे. या कामाला कलेचा मान फार कमी मिळाला, याची खंत वाटते.

फोटो अधिक रेखीव करणाऱ्या फोटोशॉपच्या ‘अनशार्प मास्क’चं नावही डार्करूममधलंच. निगेटिव्हवरून मुद्दाम धूसर पॉझिटिव्ह, म्हणजे उजेड-अंधार सुलटे असलेली प्रतिमा बनवायची आणि दोन्ही एकावर एक ठेवून प्रिंट काढायची. मोठे उजेड-अंधाराचे फरक सौम्य होतात आणि कडा उठून दिसतात. संगणक आज हेच गणिताने करतो.

डिजिटलकडचा प्रवास १९५७ मध्ये सुरू झाला. अमेरिकेत रसेल किर्शने आपल्या बाळाचा फोटो स्कॅन केला, १७६ बाय १७६ पिक्सेलचा. १९७५ मध्ये कोडॅकच्या स्टीव्ह सॅसनने बनवलेल्या कॅमेऱ्याला एक फोटो कॅसेटवर उतरवायला २३ सेकंद लागत. १९८७ मध्ये थॉमस नॉलने मॅकिंटॉश संगणकावर राखाडी छटांच्या प्रतिमा दाखवणारा प्रोग्रॅम लिहायला घेतला. त्याच्या वडिलांची घरी डार्करूम होती, लहानपणी तो तिथेच प्रिंट काढायला शिकला होता. भाऊ जॉनसोबत वाढवलेला तो प्रोग्रॅम अडोबीने फेब्रुवारी १९९० मध्ये फोटोशॉप म्हणून बाजारात आणला.

लेयर्स, म्हणजे मूळ फोटोवर एकावर एक ठेवता येणारे वेगळे थर, फोटोशॉपच्या १९९४ च्या तिसऱ्या आवृत्तीत आले. माझ्या लेखी खरा बदल तो. पेन्सिलीची चुकलेली रेघ निगेटिव्हच जोखमीत घाली, लेयर मात्र केव्हाही काढून टाकता येतो. २००७ मध्ये आलेल्या अडोबीच्याच लाइटरूम या प्रोग्रॅममध्ये तर मूळ रॉ फाइलला, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेल्या कच्च्या माहितीला हातच लागत नाही. उजेड किती, सावली किती, याच्या फक्त सूचना वेगळ्या नोंदल्या जातात आणि फोटो एक्स्पोर्ट करताना त्या लागू होतात.